मुलाचा ना मुलीचा: अँड्रोजिनस हेअरकट निवडायचा कसा, करून घ्यायचा कसा, बसवायचा कसा

केस आखूड केले की झाला अँड्रोजिनस कट, असं बऱ्याच जणांना वाटतं. मग खुर्चीत बसून ‘एकदम बारीक करा’ म्हटलं जातं आणि घरी आल्यावर आरशात दिसतो तो शाळकरी पोराचा मिलिटरी कट, नाहीतर शेजारच्या काकूंचा बॉयकट. केस गेले, हवं ते मात्र आलं नाही. बघणाऱ्याची नजर लांबीपेक्षा कडांवर जास्त थांबते. कल्ले कुठे आणि कसे संपतात, मानेवरची रेषा कशी आहे, डोक्याचा वरचा भाग आणि बाजू जिथे मिळतात तिथे कोपरा आहे की गोलाई, आणि कपाळावर काय येतं, या चार जागा बघून समोरचा माणूस मनातल्या मनात ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ म्हणून मोकळा होतो. त्या चारही जागा एकाच बाजूला झुकू दिल्या नाहीत की चेहरा मध्ये कुठेतरी राहतो. मग केस दोन इंच असोत की खांद्यापर्यंत.

आखूड केस हव्या असलेल्या मुलींना, थोडे मोठे आणि मऊ केस हव्या असलेल्या मुलांना, आणि या दोन्ही खान्यांत न बसणाऱ्यांना कापायची रीत एकच लागते. सुरुवात तेवढी वेगवेगळ्या टोकांकडून होते. सलून आणि हवा-पाण्याबद्दल पुढे जे येईल, ते नाशिकचं.

आधी या चार जागा स्वतःच्या डोक्यावर शोधा

कल्ल्यांपासून सुरू करू. पुरुषांच्या सलूनमध्ये हात सवयीने कल्ले आडवे, सरळ कापतो आणि वर वस्तऱ्याने कड मारतो. लेडीज पार्लरमध्ये कानासमोरची बट टोकदार, गालाकडे झुकलेली सोडतात. आपल्याला हवा तो कल्ला कानाच्या साधारण मध्यापर्यंत येणारा, कात्रीच्या टोकाने तुटक कापलेला आणि त्वचेत विरत गेलेला. वस्तरा नाही, रेषा नाही. चष्मा असेल तर तो लावून बघा, कारण दांडीखाली अडकलेले कल्ले बाहेर फिसकारतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

मानेवर तीन प्रकार चालतात. चौकोनी कापलेली मान पुरुषी दिसते, मान रुंद भासवते आणि दहा-बारा दिवसांत खालून केस उगवले की गबाळी दिसू लागते. मधोमध टोक काढून पिसासारखे केस सोडलेली मान बायकी दिसते. टेपर, म्हणजे वरून खाली हळूहळू बारीक होत गेलेली मान, कुणालाही शोभते आणि वाढतानाही नीट वाढते. शंका असेल तर टेपरच सांगा.

आता तिसरी जागा, कोपरा. माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आणि हिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. दोन्ही तळवे डोक्याच्या दोन बाजूंना सपाट टेकवा. जिथे डोकं आतल्या बाजूला, टाळूकडे वळायला लागतं आणि तळवा सुटतो, ती कड. तिथले केस थोडे जास्त ठेवले की डोकं चौकोनी दिसतं. तिथेच जवळून कापले की गोल. पुरुषांचे बहुतेक कट या कडेवर वजन, म्हणजे केसांचा भरीवपणा, ठेवतात, बायकांचे आखूड कट तिथलं वजन काढून ते गालाच्या हाडाजवळ आणतात. म्हणून एखादी मुलगी पिक्सी, म्हणजे बायकांचा आखूड कट, अगदी बारीक करते, तरी तो ‘गोड’ दिसतो. तिला गोड दिसायचं नसेल तर या कडेवर बोटभर वजन ठेवायला सांगायचं. मुलाला उलट हवं असेल तर कोपरा झिजवून गोलाई आणायची.

कपाळाचं सोपं आहे. कपाळभर सरळ उतरलेली झालर आपल्या डोळ्यांना साधना कटची आठवण देते, सगळे केस मागे वळवलेलं उघडं कपाळ पुरुषी वाटतं. अर्धी झालर, एका बाजूला फेकलेली, कडा असमान, ही मधली.

आता या चारांचं गणित. चारही जागा मध्यम ठेवल्या तर कट गुळमुळीत होतो, काही ठरवलंच नाही असा. दोन जागा एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला खेचल्या तर तो मुद्दाम केलेला वाटतो. १९६६ मध्ये लंडनमध्ये मॉडेल ट्विगीचे केस असेच कापले गेले: भांग आणि बाजू शाळेतल्या नीटनेटक्या मुलासारख्या, पण वजन गोल आणि कपाळावरून मऊ उतरणारं. गायक डेव्हिड बोवीचा १९७२ चा लाल मलेट याच्या उलट जातो. वर उभे आखूड केस, मानेवर मात्र लांब, मोकळ्या बटा. दोघांचीही केसांची लांबी वेगळी, युक्ती एकच.

मग केसांचा स्वभाव बघा

अंडाकृती चेहरा, चौकोनी चेहरा, बदामी चेहरा असे तक्ते इंटरनेटवर ढिगाने आहेत. ते बाजूला ठेवा असंच मी म्हणेन. बाईचा चेहरा अंडाकृती आणि पुरुषाचा जबडा चौकोनी भासावा, हाच त्यातल्या बहुतेक तक्त्यांचा हेतू असतो, म्हणजे आपल्याला जिथे जायचं नाही तिथलाच पत्ता. जबडा उठून दिसायला हवा असेल तर बाजू आखूड करा, झाकायचा असेल तर जबड्याच्या खाली किंवा वर थांबा, नेमकं जबड्यावर थांबू नका. चेहऱ्याबद्दल एवढं कळलं तरी पुरे.

केसांकडे जास्त वेळ द्या. केस धुऊन, काहीही न लावता, न विंचरता वाळू द्या. मग दोन आरशांत किंवा कुणाकडून तरी फोनवर डोक्याचे मागचे आणि वरचे फोटो काढून घ्या.

टाळूवरचा भोवरा कुठे आहे आणि किती आहेत ते आधी पाहा. काहींना दोन असतात. भोवऱ्यावरचे केस एकतर सेंटीमीटरभर ठेवा किंवा पाच-सहा सेंटीमीटर, म्हणजे स्वतःच्या वजनाने ते खाली बसतील. मधली लांबी ठेवली की ती अँटेनासारखी उभी राहते आणि कुठलाही वॅक्स तिला दिवसभर धरून ठेवत नाही. कपाळाच्या कडेला भोवरा असेल तर झालर तिथे दुभंगणारच, तेव्हा भांग तिथूनच पाडायचा आणि भांडण मिटवायचं.

मानेवरचे केस सरळ खाली वाढतात की एका बाजूला वळतात, की खालून वर चढतात? वर चढत असतील तर मानेवर लांब बटा ठेवणारे कट, म्हणजे मलेट आणि त्याची भावंडं, तुमच्या मानेला चिकटून बसणार नाहीत. टेपरकडे वळा.

केस दाट आणि किंचित लहरी असतील, आपल्याकडे तसे पुष्कळांचे असतात, तर थिनिंगच्या कात्रीपासून सांभाळा. दाट केस दिसले की काही कारागीर ती कात्री सढळ हाताने चालवतात. त्या दिवशी हलकं वाटतं, पण आत कापलेले बारीक तुकडे तीन आठवड्यांनी वाढून वरच्या केसांना ढकलू लागतात आणि डोकं फुगतं. वजन कमी करायचं असेल तर साध्या कात्रीच्या टोकाने, थोडं थोडं. कुरळ्या केसांना वस्तऱ्याने कापून घेऊ नका, टोकं फाटल्यासारखी होतात. शिवाय कुरळे केस ओले असताना लांब दिसतात आणि वाळले की वर चढतात, त्यामुळे ते कोरडेच कापायला सांगा, किंवा ओले कापायचे असतील तर हव्या त्या लांबीपेक्षा निदान इंचभर जास्त ठेवून.

लांब केसांवरून एकदम उडी मारणाऱ्यांसाठी एक तालीम आहे. केस मागे बांधून टोकं आत दुमडा, पिना लावा आणि जबड्याच्या उंचीचा खोटा बॉब तयार करा. मग सगळे केस घट्ट मागे ओढून कान, कपाळ आणि मान उघडी करा. दोन्ही अवस्थांत समोरून, बाजूने, मागून फोटो काढा आणि दुसऱ्या दिवशी बघा. कान उघडे पडल्याचा त्रास होतोय की मान उघडी पडल्याचा, हे त्यात कळतं.

कुठला कट?

नावं खूप आहेत, रोज नवी येतात. त्यातले कामाचे थोडेच.

लांब पिक्सी आणि टेपर मान ही जोडी पहिल्यांदा करणाऱ्यांना मी सुचवेन. वर आठ ते दहा सेंटीमीटर, बाजू कात्री-कंगव्याने तीन-चार सेंटीमीटर, मान मशीनने. आवडली नाही तर अजून बारीक करता येते, वर केस असल्यामुळे भांग बदलून चेहरा बदलता येतो. सरळ आणि बारीक केसांवर छान बसते.

टेक्स्चर्ड क्रॉप दाट केसांसाठी. वर चार-पाच सेंटीमीटर, पुढे झुकलेले, बाजू तीन किंवा चार नंबर मशीन (साधारण १० किंवा १३ मिमी). हा मुळात मुलांचा कट, म्हणून मुलींनी करताना कल्ले मऊ ठेवावेत आणि बाजूंना त्वचेपर्यंतचा फेड, म्हणजे वरून खाली विरत जाऊन कातडी दिसेपर्यंत बारीक केलेली बाजू, घेऊ नये. फेड जितका वर आणि जितका त्वचेजवळ, तितका कट पुरुषी होत जातो. मुलांनी हाच कट मधला करायचा असेल तर झालर भुवईपर्यंत आणि असमान ठेवावी.

अंडरकट हा घर, ऑफिस आणि स्वतःचं मन यांच्यात तडजोड करावी लागणाऱ्यांचा मित्र. खालचा अर्धा भाग तीन नंबर, वरचे केस लांब. मोकळे सोडले की खालचं काही दिसत नाही, वर बांधले की दिसतं. पण वाढवायचं ठरवलंत की याच्याइतका छळ कुठलाच कट करत नाही, हे आधीच सांगून ठेवायला हवं.

बॉब आणि पिक्सीच्या मधला, कानाच्या पाळीपर्यंत येणारा कट लहरी केसांवर सुंदर दिसतो. मुलांनी केस वाढवायला घेतले की काही महिन्यांत ते आपोआप याच टप्प्यावर येतात. त्या वेळी मान आणि कोपरे नीट करून घेतले तर ‘केस कापायला वेळ मिळाला नाही वाटतं’ हे ऐकावं लागत नाही.

मलेट आणि वुल्फ कट सध्या कॉलेजांच्या फाटकांबाहेर मुलामुलींच्या डोक्यांवर सारखेच दिसतात. वर आखूड, मागे लांब, मध्ये थर. लहरी केस असतील तर करा. एकदम सरळ, बारीक केसांवर मागच्या बटा उंदराच्या शेपटीसारख्या दिसतात.

आणि बझ कट. सगळीकडे एकच नंबर. चारही जागांचं गणित इथे संपतं, उरतो चेहरा आणि डोक्याची ठेवण. नाशिकमध्ये त्याला एक वेगळी बाजू आहे. रामकुंडावर दशक्रिया विधी रोज होतात, तिथे मुंडन केलेली माणसं पंचवटीत रोज दिसतात. झिरो मशीन मारून घरी गेलात तर शेजारी हळू आवाजात ‘कोण गेलं?’ म्हणून विचारणार. चार नंबर, म्हणजे साधारण १३ मिमी, ठेवला तर तो हेअरकट दिसतो. मुलींच्या बाबतीत घरातली आजी जास्त अस्वस्थ होण्याची शक्यता आहे आणि त्यामागे निव्वळ जुनाट हट्ट नसतो. विधवांच्या केशवपनाची आठवण आपल्या घरांतून पूर्ण पुसली गेलेली नाही. सत्यशोधक चळवळीतल्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला नकार दिला होता. ज्या कारागिरांच्या खुर्चीत आपण आज हौसेने बसतो, त्यांच्याच आधीच्या पिढ्यांची ही गोष्ट आहे. आजीला कट दाखवण्याआधी तिच्याशी बोलून घ्या, एवढंच.

नाशिकमध्ये कुणाकडे जायचं

तीन पर्याय असतात आणि तिन्हींच्या खोड्या वेगळ्या.

गल्लीतलं जेंट्स सलून. सिडको, नाशिकरोड, पंचवटी, सातपूर, कुठेही चौकात एक असतंच. मशीन, टेपर आणि मानेचं काम यांच्याइतकं सफाईने कुणी करत नाही, कारण दिवसभर तेच करतात. पैसेही कमी. अडचण अशी की काही दुकानांत ‘लेडीजचं करत नाही’ म्हणतात. बहुतेक वेळा त्यात आकस नसतो, बाकीचं गिऱ्हाईक काय म्हणेल आणि ताईंच्या घरचे येऊन भांडतील का, ही भीती असते. आधी एकटं जाऊन किंवा फोन करून विचारा: ‘दादा, मला पिक्सी करायचाय, मान टेपर. कराल का? गर्दी कधी नसते?’ रविवारी आणि सणाच्या आदल्या दिवशी जाऊ नका. मंगळवार-शनिवार केस कापायचे नाहीत असं मानणारे अजून पुष्कळ आहेत, त्यामुळे त्या दिवशी सकाळी दुकान उघडं असेल तर खुर्ची निवांत मिळण्याची शक्यता जास्त.

लेडीज पार्लर. थर, झालर, लांबीचं संतुलन यात हात चांगला. पण मशीन कधीकधी नसतंच, आणि ‘थोडं सॉफ्ट ठेवूया ना, छान दिसेल’ हे वाक्य हमखास येतं. ते मायेने येतं, पण त्याला होकार दिला की कोपरा गेला म्हणून समजा.

कॉलेज रोड, गंगापूर रोड, महात्मा नगर या पट्ट्यातली युनिसेक्स सलून्स. एकाच छताखाली दोन्ही हात मिळतात, फोटो दाखवला तर नाव माहीत असतं. बिल गल्लीतल्या दुकानापेक्षा बरंच जास्त. इथेही केस कोण कापणार ते विचारा. दुकानाच्या नावापेक्षा हात महत्त्वाचा. कारागिराच्या आधीच्या आखूड कटांचे फोटो मागा, त्यात मागच्या बाजूचे फोटो असतील तर उत्तम.

पहिला कट युनिसेक्समध्ये शांतपणे करून घ्यायचा आणि पुढची देखभाल गल्लीतल्या दादांकडे, ही वाटणी खिशालाही परवडते आणि डोक्यालाही.

एक कायद्याची गोष्ट, कारण ती कुणी सांगत नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा २०१९ चा कायदा सर्वांसाठी खुल्या असलेल्या सेवा ट्रान्सजेंडर व्यक्तींना नाकारायला मनाई करतो. खुर्चीत बसून कलम ऐकवायची वेळ क्वचित यावी, पण आपला हक्क आहे हे मनात असलं की विचारताना आवाज नीट निघतो.

खुर्चीत बसल्यावर काय बोलायचं

‘अँड्रोजिनस’ हा शब्द तिथे काही कामाचा नाही. मिलिमीटर आणि जागा सांगा.

फोटो तीन न्या: समोरून, बाजूने, मागून. तुमच्यासारखे केस असलेल्या माणसाचे न्या; सरळ केसांच्या कोरियन गायकाचा फोटो लहरी केसांवर उतरत नाही. एक फोटो नको असलेल्या कटाचाही न्या. कारागिराला ‘हे नको’ हे ‘हे हवं’पेक्षा लवकर कळतं.

मशीनचे नंबर माहीत असू द्या. नेहमीच्या मशीनला १ नंबर म्हणजे ३ मिमी, २ म्हणजे ६, ३ म्हणजे साधारण १० आणि ४ म्हणजे १३. पण ट्रिमरवर काही वेळा सरळ मिलिमीटरच लिहिलेले असतात, आणि तिथला ‘३’ म्हणजे ३ मिमी. ‘तीन नंबर’ म्हणून तुम्ही १० समजताय आणि समोर ३ लागतंय, असं व्हायला नको. कंगवा लावल्यावर एकदा बघा, आणि हव्या त्यापेक्षा एक नंबर मोठा लावून सुरुवात करायला सांगा.

वाक्यं अशी काहीशी:

‘दादा, बाजूला चार नंबरने सुरू करा, नंतर गरज वाटली तर तीन. वर मशीन नको, कात्रीच.’

‘कल्ल्यांना वस्तरा लावू नका, लाइनही मारू नका. कात्रीने तुटक करून विरू द्या.’

‘मान चौकोनी नको, टेपर करा.’

‘इथे, या कडेवर, थोडं वजन राहू द्या’ आणि बोट ठेवून जागा दाखवा. मुलांनी इथे उलट सांगायचं: ‘हा कोपरा काढून गोल करा.’

‘थिनिंगची कात्री नको.’

‘वाळवून एकदा बघू, मग शेवटचं कापा.’ हे शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. ओल्या केसांत भोवरा झोपलेला असतो.

केस फार लांब असतील तर कापायच्या आधी कोरडे, धुतलेले केस घट्ट वेणीत किंवा दोन-तीन रबरांनी बांधून एकदम काढून घ्या. विगसाठी केस देण्याची इच्छा असेल तर बहुतेक ठिकाणी साधारण १२ इंच लांबी लागते, त्यामुळे आधी मोजा. जमिनीवर पडलेले सुटे केस कुणी घेत नाही.

मानेवर वस्तरा लागणार असेल तर नवं ब्लेड समोर उघडायला सांगा. यात संकोच नको. रक्तातून पसरणारे आजार ब्लेडवरून पसरू शकतात, आणि चांगला कारागीर हे न सांगता करतो.

रोज सकाळी

आखूड केसांना कमी वेळ लागतो हे अर्धं खरं आहे. धुवायला आणि वाळवायला कमी लागतो. बसवायला रोज लागतो, कारण उशीने रात्रभर आपलं काम केलेलं असतं आणि आखूड केस बांधून लपवता येत नाहीत.

तर, केस नुसते ओले करा किंवा धुवा. टॉवेलने घासू नका, दाबून पाणी काढा. साधारण सत्तर टक्के वाळेपर्यंत थांबा किंवा ड्रायर मारा. ड्रायर असेल तर हवा मुळांच्या उलट दिशेने आधी, मग हव्या त्या दिशेने, कंगव्याऐवजी बोटांनी. आता उत्पादन. दाट सरळ केसांना मॅट क्ले, बारीक सरळ केसांना ओलसर असतानाच मूस, लहरी केसांना सी सॉल्ट स्प्रे, कुरळ्यांना लीव्ह-इन (न धुता केसांत ठेवायचं कंडिशनर) आणि वर थोडं जेल. चमकणारं जेल आखूड केसांवर लावलं की शाळेच्या स्नेहसंमेलनातला नायक दिसतो. कुणाला तेच हवं असतं, त्यांचं त्यांनी ठरवावं.

क्ले किंवा वॅक्स हरभऱ्याच्या दाण्याएवढंच घ्या. तळव्यांत ऊब येईपर्यंत चोळा आणि मागून सुरू करा. मागे, मग बाजू, मग वर, सर्वांत शेवटी हातावर उरलेलं कपाळावर. पुढून सुरुवात केली की सगळा गोळा झालरीत बसतो आणि ती अकराच्या सुमारास तेलकट होऊन चिकटते.

एकाच कटाचे दोन चेहरे करता येतात आणि या कटाची खरी मजा त्यातच आहे. भांग एका बाजूला, बाजू चापून कानामागे घेतल्या की जबडा आणि कान दिसतात, चेहरा रेखीव, जरा पुरुषी होतो. मुलाखत, तोंडी परीक्षा, ऑफिसची बैठक यांना हा चेहरा चालतो. तेच केस बोटांनी पुढे आणून कल्ल्यांच्या बटा गालावर सोडल्या की मऊ होतो. कपड्यांचं काय ते तुम्ही ठरवा, पण भुवया विसरू नका. थ्रेडिंगने कमानदार केलेली भुवई चेहऱ्याला जितकी बायकी करते तितका कुठलाच कट पुरुषी करू शकत नाही. वरचे दोन-चार सुटे केस काढून भुवई जशी आहे तशी ठेवून बघा. दाढीचंही तसंच. केस मऊ ठेवून दाट दाढी ठेवली की नजर दाढीवरच जाते.

लग्नकार्यात ‘अंबाडा कसा घालणार?’ हा प्रश्न मावशीकडून येणारच. खोटे केस लावून अंबाडा बांधायचा खटाटोप करू नका, उन्हाळ्यातल्या लग्नात ते डोकं उठवतं. केस बाजूच्या भांगाने जेल लावून चापून बसवा, कानामागे एक पिन आणि मोगऱ्याची छोटी लड. काठपदराच्या साडीवर मोठी कुडी आणि उघडी मान हे इतकं उठून दिसतं की प्रश्न विचारणारी मावशीच फोटो मागते.

नाशिकची हवा, नाशिकचं पाणी, आणि हेल्मेट

दुचाकीशिवाय इथे दिवस जात नाही, म्हणून आधी हेल्मेट. घरातून निघताना क्ले लावून केस उभे करणं म्हणजे हेल्मेटला नैवेद्य. घरी नुसते वाळवा, पातळ सुती रुमाल किंवा टोपी आत घाला, आणि पोचल्यावर बोटं ओली करून मुळांशी चोळून मग क्ले लावा. छोटी डबी बॅगेत. स्कार्फ गुंडाळून जाणाऱ्यांनी झालर मागे वळवून बांधावी. कपाळावर दाबली गेलेली झालर दिवसभर तशीच राहते.

थंडीत हवा कोरडी असते. निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याची बातमी दर हिवाळ्यात येतेच, आणि टेपर मान केलेल्या माणसाला त्या बातमीची गरज राहत नाही. मफलर ठेवा. कोरड्या हवेत केस उडत असतील तर खोबरेल तेलाचा एक थेंब तळव्यांवर पसरून टोकांना लावा. भरपूर तेल लावायचं ते धुण्याच्या आधी. पावसाळ्यात लहरी केस फुगतात, तेव्हा क्लेऐवजी थोडं जेल किंवा लीव्ह-इन बरं. उन्हाळ्यात बझ कट केलेल्यांनी दुपारी टोपी घालावी, टाळूची कातडी भाजते हे पहिल्या आठवड्यात कळतं.

ज्या सोसायट्यांत बोअरचं पाणी येतं तिथे क्षार केसांवर बसतात, केस राठ आणि निस्तेज होतात. शेवटचा एक तांब्या नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा घ्या. आखूड केसांना तेवढा पुरतो, हा त्यांचा एक फायदाच.

देखभाल आणि पुढे वाढवायचं असेल तर

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. वरच्या आठ सेंटीमीटरना ते जाणवत नाही, पण तीन नंबरची बाजू महिन्याभरात दुप्पट होते. म्हणून मशीन केलेल्या बाजूंना तीन-चार आठवड्यांनी खुर्ची लागते, कात्रीच्या पिक्सीला पाच-सहा, कानाच्या पाळीपर्यंतच्या कटाला आठ-दहा. मधल्या काळात ‘फक्त मान आणि कानामागचं साफ करा’ एवढंच सांगितलं तर बहुतेक दादा पाच मिनिटांत, थोड्या पैशांत करून देतात. घरी ट्रिमर असेल तर मानेच्या केसांच्या रेषेखालचंच काढा. रेषा वर सरकवायला गेलात की दर वेळी थोडी अजून वर जाते.

कट मनासारखा झाला की साधारण दोन आठवड्यांनी, तो बसल्यावर, चारही बाजूंनी फोटो काढा. फोनमध्ये लिहून ठेवा: बाजू किती नंबर, वर किती, कोण कारागीर. पुढच्या वेळी दुसऱ्याचे फोटो लागत नाहीत.

वाढवायचे ठरले तर सगळे केस एकत्र वाढू देऊ नका. मान आणि कानामागचा भाग दर पाच-सहा आठवड्यांनी बारीकच ठेवत राहा आणि वरचे केस कानाच्या पाळीपर्यंत येऊ द्या. तोवर खालचे थांबलेले बरे, नाहीतर नको असताना मलेट पदरी पडतो. लांब पिक्सीवरून पुढचे केस जबड्यापर्यंत यायला साधारण वर्ष लागतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात बाजू कानावर फुगून उभ्या राहतात आणि तिथेच बरेच जण वैतागून पुन्हा सगळं कापून घेतात. त्या महिन्यांत पिना, रुंद हेअरबँड, किंवा बाजूच्या केसांचं वजन आतून कात्रीच्या टोकाने कमी करून घेणं. अंडरकटवाल्यांनी वरचे केसही थोडे आखूड करून घ्यायची तयारी ठेवावी, म्हणजे खालचे त्यांना लवकर गाठतात.